गोदीची बाटली

१६ जानेवारी १९२८, अकोला

आठ महिन्यांची मुलगी दवाखान्यातल्या काट्याच्या पारड्यात ठेवली आणि ती हललीच नाही. पितळ गार असतं, मुलं हातपाय झाडतात, किंचाळतात. ही झोपलेलीच. पापणी उघडून पाहिली – बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

आईचं नाव पार्बताबाई. मोर्णा नदीकाठच्या माळ्यांच्या मळ्यातली. वर्षभर वांगी, मेथी. कापसाच्या हंगामात सरकी काढायच्या जिनात कामाला जाते. विचारलं, मुलीला काय देता?

"काई नाही."

पुन्हा विचारलं.

"काई नाही वं बाई. दूदच."

तेव्हा तिला मुलीचा डोळा उघडून दाखवला. मग म्हणाली, "गोळी देतो. समदेच देतात. लेकरू रडलं तं मुकादम जिनात घुसू देते काय मले?"

बाळगोळी. अफूची – सकाळी जिनात जाताना एक, रात्री एक. अफू ओमप्रकाशच्या दुकानातली, म्हणजे सरकारी परवान्याची. चोरून काहीच नाही!

मी आवाज चढवला नाही. पण सांगितलं – हे विष आहे, आजपासून बंद. ती मान हलवत होती. मला वाटलं नाही तिला समजलं असेल.

१९ जानेवारी

समजलं होतं. तिनं खरोखरच बंद केली.

मुलगी – गोदावरी, घरात गोदी – परवापासून रडतेय. आता आवाजही बसलाय. जुलाब, नाक गळतंय, अंगाला कंप, दूध ओकून टाकते. टाळू आत गेलेली. माझ्यासमोर झटका आला. बरोबर सासू होती, माणिकबाई. कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "बंद कर म्हनलं, बंद केली. आता पाय! काहून बोलून नाही राहिली?"

दवाखान्यात अफूचं टिंक्चर होतं, पण माझं पुस्तक म्हणतं वर्षाखालच्या मुलाला अफू कधीही देऊ नये. आग्र्याला डॉक्टरकी शिकताना हे वाक्य मी पाठ केलं होतं. ज्या मुलाला आधीच दिली जातेय त्याचं काय करायचं, याबद्दल पुस्तकात ओळ नाही.

मी माणिकबाईकडून गोळी मागितली. पदराच्या गाठीतच होती. ती दुधात विरघळवून मीच चमच्यानं पाजली. थोड्या वेळानं गोदी शांत झाली, मग प्याली.

माणिकबाई जाताना म्हणाली, "डाक्तरीनबाई, शिकली तं खरं तू. पन लेकराची गत आमालेच ठाव."

त्यांना ठाऊक आहे असं मला वाटत नाही. मला ठाऊक नाही हे मात्र नक्की.

२० जानेवारी

त्यांच्या गोळ्या तोलून पाहिल्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, पाव गुंजेच्या जरा आतबाहेर. पार्बताबाईचा हात माझ्या अपेक्षेपेक्षा सारखा आहे. आणि दुकानातला माल सारखा आहे – सरकारी कारखान्याची वडी, एका ताकदीची. म्हणूनच हिशेब करता येतो. टिंक्चरचे थेंब देऊन हळूहळू कमी करत न्यायचं. आठवडाभर मुलगी गोळीवरच राहू दे, जरा सावरू दे.

२९ जानेवारी, अमरावती

काल बडनेऱ्याला गाडी बदलून घरी आले. काल संध्याकाळी वादसभा होती. ठराव – अफूची सरकारी दुकानं ताबडतोब बंद करावीत. वैद्यकीय बाजू मी मांडावी अशी उद्धवची इच्छा. उद्धव माझा धाकटा भाऊ, यंदा वकिलीच्या परीक्षेला बसतोय. सध्या पुस्तकांपेक्षा सभांत जास्त असतो.

खरं भांडण सभेत झालंच नाही. ते दुपारी पानावरच झालं.

बाबा म्हणाले, "दुकानं बंद व्हायलाच हवीत. पण जिनिव्हाच्या राष्ट्रसंघात बसलेल्या गोऱ्यांनी सांगितलं म्हणून नव्हे! दहा हजार माणसांमागे वर्षाला सहा शेर अफू, त्यावर नको – हा आकडा काढणारे हे कोण? याच लोकांनी चीनच्या बंदरावर तोफा लावून अफू विकली. आज हेच आम्हाला सोवळं शिकवणार?"

उद्धव – "बाबा, सांगणारा कोण ते कशाला बघायचं? सरकार आपलं ऐकत नाही. बाहेरून कान पिरगळले तर ऐकेल. पिरगळू देत की!"

"आज अफूसाठी कान पिरगळायला दिलास, तर उद्या आणखी कशासाठी पिरगळतील. कान तुझाच आहे, उद्धव."

"माझा नाही, सरकारचा आहे!"

"ते सरकार बसलंय कुणाच्या मानेवर?"

आई म्हणाली, "कढी निवतेय." दोघांनीही ऐकलं नाही. मला दोघांचंही म्हणणं पटलं, आणि वाटलं की हे दोघं अफूबद्दल बोलतच नाहीयेत.

आई मला आत म्हणाली, "तुलाही दिली होती हो, तुझ्या आत्याच्या लग्नात. पाहुणे किती, सांभाळणार कोण? चार दिवस दिली. बघ, तेव्हापासूनच तू शांत आहेस." आणि हसली. मीही हसले. नंतर मात्र मनातल्या मनात मात्रा काढत बसले.

सभेत पुष्कळ बोलणं झालं. परतवाड्याकडचे एक जमीनदार जानराव म्हणाले, थंडीत म्हाताऱ्या गड्यांना एवढाच आधार, तो का काढता? त्यांची हुर्यो उडाली. अबकारी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, दुकान बंद केलं तर अफू बंद होत नाही, फक्त मोजता येत नाही. इंदूर संस्थानच्या हद्दीतून रात्रीत चोरट्या मालाच्या गाड्या येतील. त्यांना कुणीतरी विचारलं, "पेन्शन किती हो?" ते खाली बसले.

मग मी. मुद्दे लिहून नेले होते ते वाचलेच नाहीत. गोदीचं नाव न घेता तिची हकिगत सांगितली. म्हटलं, दुकानं बंद करा, माझा विरोध नाही. पण बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या मुलांना गोळीची सवय आहे त्यांचं काय करायचं, हे ठरावात घाला. मुदत घाला. दवाखान्यांना औषध पुरवायचं कलम घाला.

अध्यक्ष म्हणजे आमच्या अकोल्याच्या दवाखान्याच्या कमिटीचेच चेअरमन, भगवंतराव. अतिशय मायेनं म्हणाले, "आमच्या डॉक्टरीणबाईंचं हृदय आईचं आहे. परंतु हा प्रश्न राष्ट्राचा आहे." टाळ्या! ठराव जसा होता तसा मंजूर.

हृदयाबद्दल मी काहीच बोलले नव्हते. मी मात्रेबद्दल बोलत होते.

घरी येताना बाबा म्हणाले, "चारू, तू मुद्दा बरोबर मांडलास. पण मुद्दा मांडायच्या आधी बाजू सांगायची असते, नाहीतर लोक ऐकत नाहीत."

१ फेब्रुवारी, अकोला

गोदीचं वजन किंचित वाढलं. पुढच्या आठवड्यात टिंक्चर सुरू करीन.

८ फेब्रुवारी

आज कमिटीची सभा. अमरावतीच्या ठरावाला धर्मादाय दवाखान्यानं पाठिंबा द्यायचा असं ठरलं. नुसत्या शब्दांनी नव्हे, कृतीनं! आपल्याच कपाटात अफू असताना दुकानदाराला काय सांगणार, असं भगवंतरावांचं म्हणणं. कंपाउंडरकडून टिंक्चरची बरणी मागवली, सगळे अंगणात गेले, आणि भगवंतरावांनी स्वतःच्या हातानं ती मोरीत ओतली. वर एक तांब्या पाणीही ओतलं. एकानं 'वंदे मातरम्' म्हटलं.

मी म्हटलं, हे औषध आहे. पोटशूळाला, खोकल्याला, शस्त्रक्रियेनंतर –

"दुसरी औषधं आहेत ना? निघेल मार्ग," भगवंतराव म्हणाले.

मोरीजवळ कितीतरी वेळ तो कडवट वास येत होता.

९ फेब्रुवारी

सरकारी इस्पितळात टिंक्चर मागायला गेले. तिथले डॉक्टर सभ्य आहेत. म्हणाले, वर्षाखालचं मूल, घरी देण्यासाठी अफू – पुस्तकात बसत नाही. तुम्हीच सांगा, तुम्ही दिली असती का?

महिन्यापूर्वी नसती दिली.

२० फेब्रुवारी

उपाय सापडला. इतका साधा की आधी का सुचला नाही याचाच राग आला.

पार्बताबाईला मोजायला लावायचं नाही. दर आठवड्याला गोळी बारीक कर म्हटलं तर हात चुकणार. रडणाऱ्या मुलासमोर कुणाचाही चुकतो. म्हणून एकच बाटली. चाळीस चमचे पाणी मावेल अशी. उकळलेल्या पाण्यात चाळीस गोळ्यांची अफू विरघळवली, टिकावं म्हणून थोडं ग्लिसरीन. एक चमचा म्हणजे एक गोळी. सकाळी एक चमचा काढायचा, बाळाला द्यायचा, आणि लगेच एक चमचा उकळून गार केलेलं पाणी बाटलीत घालून हलवायचं. रात्री तसंच. बाटली कायम भरलेली. अफू मात्र रोज थोडी कमी – दोन आठवड्यांत निम्मी, महिन्यात पाव. मुलाला कळणार नाही, आईला मोजावं लागणार नाही.

पार्बताबाईनं बाटली उजेडात धरली. "म्हंजे ही सरतच नाही?"

"सरत नाही. पातळ होते."

"आन् मंग एक दिवस नुसतं पानी?"

"हो."

ती हसली. तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "सासूले नाही सांगत मी. थे म्हनन, पान्यानं कुटी लेकरू झोपते?"

नवऱ्यालाही सांगणार नव्हती. मी म्हटलं, त्याला सांग. शेषराव साधा माणूस आहे. बाटली भिंतीतल्या दिवळीत उंचावर ठेवायचं काम त्यानं आपणहून घेतलं.

अफू पार्बताबाईनंच आणली, ओमप्रकाशच्या दुकानातून. ज्या दुकानाच्या बंदीला माझा पाठिंबा आहे त्याच दुकानाच्या मालावर माझा सगळा हिशेब उभा आहे. हे नोंदवून ठेवते. याचं काय करायचं ते कळत नाही.

२७ फेब्रुवारी

गोदीनं आज काट्यात हातपाय झाडले!

३ मार्च

बाहुल्या मोठ्या होतायत. दुपारी जागी असते. माणिकबाई तक्रार करते – "पोरगी लय चाभरी झाली. जे दिसन थे धरते." मी म्हटलं, छान. "तुले छान! मळ्यात येऊन पाय, समदी मेथी उपटली."

उद्धव अकोल्यात आलाय. होळीच्या दिवशी चौकात व्यसनांची होळी करणार – चिलमी, बाटल्या, अफूच्या डब्या. धुळवडीपासून ओमप्रकाशच्या दुकानावर धरणं. मला म्हणाला, "ताई, तुझं कलम ठरावात नाही आलं, पण तुझी हकिगत मी प्रत्येक सभेत सांगतो. लोक रडतात."

"मुदतीचंही सांगतोस?"

"मुदत सांगितली की जोर जातो गं."

त्याला बाटलीबद्दल सांगणार होते. मग वाटलं, तेही सभेत सांगेल. नाही सांगितलं.

६ मार्च, होळी

चौकात गेले नाही. ज्वाळा इथून दिसत होत्या. लोकांचा आवाज मोठा होता, आनंदाचा.

७ मार्च

पार्बताबाई रंगानं माखलेली आली. रंग तिच्यावर कुणीतरी वाटेत टाकला होता. ती तो पुसतही नव्हती.

शेषरावनं काल रात्री बाटली होळीत टाकली.

तो मागोमाग आलाच. उन्हात उभा, टोपी हातात. "तुमच्या भावानं सांगतलं ना जी. म्हने, ज्याच्या घरात अफू हाये त्यानं आज आनून टाकावं, नाही तं लेकराचा शाप लागन. माही चिलीम टाकली. मंग ध्यानात आलं, दिवळीत बाटली हाये. लोकायनं टाळ्या वाजवल्या. वाटलं डाक्तरीनबाईले बरं वाटन."

त्याच्यावर रागावता येईना. त्याला जे करायला सांगितलं होतं ते त्यानं केलं. जानेवारीत त्याच्या बायकोनंही तेच केलं होतं.

पंधरा दिवस झाले होते. बाटलीतली अफू निम्म्यावर आली होती. म्हणजे गोदी आता अर्ध्या गोळीवर आहे. त्यावरून एकदम शून्यावर. रात्री दिली नाही, सकाळी दिली नाही. नाक गळायला लागलंय. नवी बाटली करायची तर अफू हवी. पार्बताबाई दुकानावर जाऊन आली होती. पायरीवर पोरं आडवी. "बाई, घरी जा, लेकराले विष देता?" पोरं म्हणाली. ती परतली.

माझ्या कपाटात टिंक्चर नाही. ते मोरीत आहे.

मीठसाखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं द्यायला सांगितलं. उद्धवला निरोप पाठवला. तो मिरवणुकीत होता.

८ मार्च

दुपारी शेषराव धावत आला. गोदी उठत नाही.

मळ्यात पोचले तेव्हा ओठ निळसर. श्वास इतका सावकाश की दोन श्वासांमध्ये मला भीती वाटली. बाहुल्या परत टाचणीच्या टोकाएवढ्या.

माणिकबाई कोपऱ्यात बसली होती. बाटलीचं तिला काही ठाऊक नव्हतं. रडणं ऐकवेना म्हणून तिनं गाडीवाल्याकडून माल घेतला होता, इंदुराकडचा. "नेमीएवढीच देल्ली वं. ज्वारीच्या दान्याएवढी. नेमीएवढीच!"

नेहमीएवढी म्हणजे अर्ध्यावर आलेल्या मुलीला दुप्पट. आणि तो माल कुणी तोललेला नाही; काय ताकदीचा ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल.

तळव्यांना टिचक्या मारल्या, ओला पंचा, काळी कॉफी थेंब थेंब. उचलून उभी धरायची, डोळा मिटला की पुन्हा टिचकी. पार्बताबाई आणि मी पाळीपाळीनं. माणिकबाई एका दमात, न थांबता गोदीला शिव्या देत होती – "ऊठ वं भवाने, ऊठ! मेथी उपटाले नाही पायजे का तुले? ऊठ!" ऊन कलल्यावर गोदी रडली. खणखणीत. तिचं रडणं मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

पण हे इथे संपत नाही. उद्या तो अंमल उतरेल, परत जुलाब, परत झटके. आणि गाडीवाला आठवडाभर नदीपलीकडे मुक्कामाला आहे. मी माणिकबाईला म्हटलं, त्याच्याकडचं देऊ नका. ती म्हणाली, "नाही देत. पन मंग काय देऊ?"

भगवंतरावांना हेच विचारायला हवं होतं. बाबांना, उद्धवला, जिनिव्हावाल्यांना. ज्या कुणाला दुकान कुणी बंद करावं याची काळजी आहे, त्या सगळ्यांना. दुकान कुणाच्याही सांगण्यावरून बंद होवो, दुसऱ्या दिवशी ही बाई असं विचारणारच. जिनिव्हा फार लांब आहे. इंदूर रात्रीच्या गाडीवर.

९ मार्च

दुकानाच्या पायरीवर उद्धव आडवा होता. गळ्यात हार, कपाळाला गुलाल. समोर बरीच गर्दी, भगवंतरावही.

"ताई, तू? बोलणार आहेस?"

"नाही. एक मासा वजनाची अफू घ्यायचीय. बाजूला हो."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग नाही वाटलं. हळू आवाजात म्हणाला, "आज नको गं. सगळे बघतायत. मी दुसरीकडून आणून देतो."

"दुसरीकडची मोजता येत नाही."

तो सरकला नाही. मी त्याला ओलांडून आत गेले.

ओमप्रकाश माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं काटा माझ्याकडे सरकवला. मीच तोलून घेतलं. त्यानं वहीसाठी नाव विचारलं, मी पूर्ण सांगितलं. बाहेर येताना परत ओलांडावं लागलं. लहानपणी आम्ही असंच करायचो – ओलांडलं की उंची खुंटते, परत ओलांडलं की उतरतं. त्यालाही आठवलं असावं. त्यानं डोळे मिटून घेतले. भगवंतराव फक्त म्हणाले, "अरेरे."

बाटली भरली. वीस गोळ्यांची अफू, चाळीस चमचे पाणी. जिथे थांबलो होतो तिथूनच. संध्याकाळी पहिला चमचा. उरलेली अफू माणिकबाईसमोर मोर्णेत टाकली. बाटलीही तिला दाखवली, काय करायचं ते सांगितलं. तिनं दोनदा विचारून घेतलं.

१० मार्च

कमिटीनं सकाळी मला कामावरून काढलं. एकमतानं. चाव्या दिल्या, सामान बांधलं, अमरावतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवली.

बातमी कळली तशी दुपारी माणिकबाई स्वतः आली. मळ्यातली अवजारांची खोली तिनं रिकामी केलीय, झाडूनही घेतलीय. "चाल," म्हणाली, "चार बाया येऊन बसल्या हायेत. लेकरं घेऊन. डाक्तरीनबाई कवा येते म्हनून इचारून राहिल्या."